जोडीदाराला स्लीप ॲप्नियाच्या तपासणीसाठी कसं तयार करावं

रात्री ज्याचा श्वास अडकतो त्यालाच त्याची खबर नसते, ही स्लीप ॲप्निया या झोपेत श्वास अडकण्याच्या आजारातली सगळ्यात मोठी अडचण आहे. पोटात दुखलं तर माणूस स्वतःहून डॉक्टरकडे जातो. इथे मात्र सगळं झोपेत घडतं आणि ते पाहणारं-ऐकणारं माणूस एकच असतं, शेजारी झोपणारं. तुम्ही म्हणता, "काल रात्री तुझा श्वास थांबत होता." तो म्हणतो, "काहीतरीच काय, मी ढाराढूर झोपलो होतो." आणि दोघंही आपापल्या परीने खरंच बोलत असता.

हा लेख त्या शेजारी झोपणाऱ्या माणसासाठी आहे. मला यात एकच गोष्ट कळकळीने सांगायची आहे: जोडीदाराला आजार पटवून द्यायला जाऊ नका, त्याला फक्त तपासणीला तयार करा. आजार आहे की नाही हे तपासणी सांगेल. उपचार घ्यायचे की नाही, कोणते घ्यायचे, हे नंतर तो डॉक्टरांशी बोलून ठरवेल. या तीन गोष्टी एकाच दमात बोलल्या गेल्या की विषय भांडणावर जातो आणि पुढचे कित्येक महिने त्याला हात लावायची सोय राहत नाही.

मी 'तो' असं लिहिते आहे, कारण पुरुषांमध्ये हे प्रमाण जास्त आहे. बायकांमध्ये हा आजार जरा वेगळा दिसतो, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

पहिलं काम: आधी आपण समजून घ्यायचं

झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात. कुणाच्या मानेभोवती चरबी असते, कुणाचे टॉन्सिल मोठे असतात, कुणाचा खालचा जबडा मुळातच मागे असतो. अशा घशातली वाट आधीच अरुंद असते, ती सैल पडली की मिटते. छाती श्वास ओढायला धडपडत असते, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदूला धोका कळतो आणि तो क्षणभर जागा होतो. घसा उघडतो, मोठा घुसमटल्यासारखा आवाज होतो आणि श्वास पुन्हा सुरू होतो. ही जाग इतकी ओझरती असते की सकाळी तिची आठवणही नसते. पण रात्रभर हेच चालू राहिलं तर आठ तास झोपूनही माणूस थकलेलाच उठतो.

श्वास किमान १० सेकंद थांबला तर त्याला ॲप्निया म्हणतात. पूर्ण न थांबता उथळ झाला आणि त्यामुळे ऑक्सिजन घसरला किंवा झोप मोडली, तर हायपॉप्निया. तासाला असे किती प्रसंग झाले त्या आकड्याला एएचआय म्हणतात. ५ च्या खाली असेल तर ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० आणि त्याहून जास्त असेल तर तीव्र. ताशी ३० म्हणजे सरासरी दर दोन मिनिटांनी एकदा. हे लक्षात ठेवा, अहवाल आल्यावर उपयोगी पडेल.

घोरणाऱ्या प्रत्येकाला हा आजार असतो असं नाही. उलट काही बारीक अंगाच्या, फारसं न घोरणाऱ्या माणसांनाही तो असतो. म्हणून "बघ, किती घोरतोस, तुला नक्की तोच आजार आहे" असं ठासून सांगू नका. तुम्हाला ते माहीत नाही, तुम्हाला फक्त शंका आहे. ही शंका शंका म्हणूनच मांडलीत तर समोरच्याला ऐकून घेणं सोपं जातं.

ही फार दुर्मीळ गोष्ट नाही, हेही माहीत असू द्या. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये ३० ते ६० वयाच्या नोकरदार माणसांची पाहणी झाली होती, तिचे निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाले. पुरुषांपैकी २४ टक्के आणि स्त्रियांपैकी ९ टक्के जणांचा एएचआय ५ किंवा त्याहून जास्त निघाला. त्यातल्या बहुतेकांना आपल्याला काही त्रास आहे असं वाटतही नव्हतं. आपण एकटेच काही बिघडलेले नाही, हे कळलं की पुष्कळ पुरुषांचा ताठा थोडा सैल होतो.

दुसरं काम: नीट पाहायचं आणि टिपून ठेवायचं

रागाच्या भरात सांगितलेलं "रोज रात्री असंच होतं" हे डॉक्टरांच्याही कामाचं नाही आणि जोडीदाराला पटणारंही नाही. त्यापेक्षा आठवडा-दोन आठवडे शांतपणे नोंदी ठेवा. घोरणं कोणत्या कुशीवर जास्त होतं, मध्येच आवाज बंद पडतो का, बंद पडल्यावर किती सेकंदांनी सुरू होतो, दचकून उठतो का, रात्री लघवीला किती वेळा उठतो, सकाळी डोकं जड असतं का, तोंड कोरडं पडलेलं असतं का. दुपारी टीव्हीसमोर, प्रवासात, मीटिंगमध्ये पेंग येते का. रात्री वारंवार लघवीला लागणं लोक वयावर किंवा प्रोस्टेटवर ढकलतात, पण स्लीप ॲप्नियात ते अगदी नेहमी दिसतं. अडकलेल्या श्वासामुळे हृदयावर ताण पडतो आणि शरीरात जास्त लघवी तयार करणारं हार्मोन सुटतं.

मग व्हिडिओ. यातलं सगळ्यात जास्त काम व्हिडिओच करतो, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

आधी विचारा. "आज रात्री तू झोपल्यावर दोन-चार मिनिटं रेकॉर्ड करू का? फक्त तुला दाखवायला." झोपलेल्या माणसाचं त्याला न सांगता चित्रण केलं आणि नंतर ते पुढ्यात धरलं, तर त्याला चोरी पकडल्यासारखं वाटतं. बहुतेक जण या प्रश्नाला "कर, काही निघणार नाही" असं म्हणतात. तेवढी परवानगी पुरे.

झोप लागल्या लागल्या रेकॉर्ड करू नका. स्वप्नं पडतात त्या झोपेत स्नायू सगळ्यात सैल असतात आणि ती झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते. त्यामुळे पहाटेच्या सुमाराला श्वास अडकण्याचे प्रसंग बहुधा वाढतात आणि लांबतात. उताणं झोपल्यावर जीभ मागे जाते, तेव्हाही वाढतात. पहाटे तुम्हाला जाग आली आणि तो उताणा असला, तर ती वेळ गाठा.

फोन तोंडाजवळ न धरता बाजूने धरा, छाती आणि पोट दोन्ही दिसतील असा. पांघरूण पातळ असू द्या. घसा मिटलेला असताना एक विचित्र हालचाल दिसते: छाती आत जाते तेव्हा पोट वर येतं, पोट आत जातं तेव्हा छाती वर येते. एरवी दोन्ही बरोबर वर-खाली होतात. आवाज नाही, हवा नाही आणि शरीर मात्र श्वासासाठी झुंजतंय, हे एकदा पाहिलं की "घोरतात सगळेच" हे वाक्य पुन्हा तोंडात येत नाही. डॉक्टरांनाही अशी एक मिनिटाची फीत तुमच्या दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा जास्त सांगून जाते. छातीची हालचालच थांबत असेल तर तेही टिपा, कारण तो प्रकार वेगळा असू शकतो.

व्हिडिओ फक्त त्यालाच दाखवायचा. मुलांसमोर, मित्रांसमोर, सासू-सासऱ्यांसमोर नाही. नातेवाइकांच्या ग्रुपवर तर मुळीच नाही. एकदा जरी त्यावर हशा पिकला तरी तो माणूस तपासणीचं नाव काढणार नाही.

हातावरच्या घड्याळांबद्दल दोन शब्द. २०२४ पासून काही स्मार्ट घड्याळं स्लीप ॲप्नियाची शक्यता असल्याची सूचना देतात. सूचना आली तर ती बोलणं सुरू करायला चांगली, विशेषतः बायकोपेक्षा यंत्रावर जास्त विश्वास ठेवणाऱ्यांसाठी. पण सूचना आली नाही म्हणून आजार नाही असं होत नाही. तसंच, जागेपणी बोटाला ऑक्सिमीटर लावून "बघ, ९८ आहे" असं कुणी म्हणालं तर त्याला काही अर्थ नाही. ऑक्सिजन उतरतो तो झोपेत.

तिसरं काम: नकार नेमका कशाला आहे ते शोधायचं

"मला काही झालेलं नाही" हे वरचं वाक्य असतं. खाली दुसरंच काहीतरी असतं आणि ते कळल्याशिवाय तुमचा कोणताही मुद्दा लागू पडत नाही.

सगळ्यात जास्त आढळणारी भीती म्हणजे सीपॅप मशीन, झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं. त्याने कुठेतरी तोंडावर मास्क, नळी, बाजूला घरघरणारं यंत्र असा फोटो पाहिलेला असतो आणि तपासणीला हो म्हटलं की ते आयुष्यभर गळ्यात पडणार असं त्याने गृहीत धरलेलं असतं. म्हणजे तो जो नकार देतो तो तपासणीला नसतोच, मास्कला असतो. इथे खरं तेच सांगा: सगळ्यांना मशीन लागतंच असं नाही. सौम्य-मध्यम आजारात दंतवैद्याकडून मापाने बनवून घेतलेलं, खालचा जबडा पुढे धरणारं उपकरण चालतं. काहींचा त्रास फक्त उताणं झोपल्यावर होतो, त्यांना कुशीवर झोपण्याची सवय लावून बराच फरक पडतो. वजन जास्त असेल तर ते उतरवल्याने आकडा खाली येतो. काहींना टॉन्सिलची किंवा घशाची शस्त्रक्रिया उपयोगी पडते. आणि सीपॅप मशीनबद्दल सांगायचं तर ते १९८१ साली सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी पहिल्यांदा रुग्णांवर वापरून दाखवलं. तेव्हाचं यंत्र अवजड आणि गोंगाटाचं होतं. आजचं उशाशी मावतं आणि त्याचा आवाज घोरण्यापेक्षा कितीतरी कमी असतो.

दुसरी गोष्ट अभिमानाची. "तुला तपासून घ्यायला हवं" हे त्याच्या कानाला "तू जाड झालास, म्हातारा झालास" असं ऐकू येतं. वजनाचा विषय तुम्ही काढूच नका. तो डॉक्टर काढतील, आणि ते त्यांचं कामच आहे. जबड्याच्या ठेवणीमुळे बारीक माणसालाही हे होतं, हे मात्र जरूर सांगा.

कुणाला नोकरीची काळजी असते. चालक, वैमानिक, यंत्रावर काम करणारा माणूस यांना निदान झालं तर कामावर गदा येईल असं वाटतं. ही भीती पोकळ नाही, ती उडवून लावू नका. तुमच्याकडे, त्याच्या कामाच्या ठिकाणी काय नियम आहेत ते दोघांनी मिळून आधी पाहून घ्या. पुष्कळ ठिकाणी उपचार नीट चालू असल्याचं दाखवलं की काम पुढे चालू ठेवता येतं. उपचार न घेता चाकावर बसण्यात मात्र त्याचा आणि रस्त्यावरच्या इतरांचा जीव अडकलेला असतो.

आणि काही जणांना खरोखर काही निघेल याचीच धास्ती असते. वडील झोपेत गेले, भावाला झटका आला, अशी घरात काहीतरी पार्श्वभूमी असते. अशा माणसावर आकडेवारी आदळण्यात अर्थ नसतो. त्याच्याबरोबर बसावं लागतं.

हे कसं शोधायचं? सरळ विचारायचं आणि मग गप्प बसायचं. "तपासणी नको वाटण्यामागे सगळ्यात मोठं कारण काय आहे?" उत्तर यायला वेळ लागतो. मधली शांतता भरून काढायची घाई करू नका. आलेलं उत्तर खोडूनही काढू नका. "बरं, म्हणजे मास्कची भीती आहे" एवढंच म्हणा आणि त्या दिवशी तिथे थांबलात तरी चालेल.

बायकोचा नकार असेल तर

बायकांमध्ये हा आजार बऱ्याचदा वेगळ्या नावाखाली लपतो. मोठं घोरणं नसतं. झोप न लागणं, सतत थकवा, सकाळची डोकेदुखी, उदास वाटणं, चिडचिड अशा तक्रारी असतात, आणि त्यांवर घरचे आणि कधी कधी डॉक्टरही "ताण आहे", "पाळी जायचं वय आहे" असं म्हणून मोकळे होतात. पाळी गेल्यानंतर या आजाराची शक्यता खरोखरच वाढते. शिवाय "मी घोरते" हे कबूल करायची लाज पुरुषापेक्षा बाईला जास्त वाटते, कारण तिला तसंच वाढवलेलं असतं. नवऱ्याने इथे घोरण्यावरून सुरुवात करू नये. थकव्यावरून करावी: "इतकं झोपूनही तुला बरं वाटत नाही, याचं कारण शोधूया." घरातली कामं, मुलं, आजारी माणसं यांतून तपासणीसाठी एक रात्र आणि एक सकाळ तिला मोकळी करून देणं हे मनधरणीपेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

चौथं काम: बोलायचं कधी आणि कसं

रात्री दोन वाजता, कोपराने ढोसून, अजिबात नाही. सकाळी तुम्ही स्वतः अपुऱ्या झोपेने वैतागलेले असताना नाही. नुकतंच भांडण झालं असेल तर नाही. सुट्टीच्या दिवशी, दोघंच असताना, एखादं काम बरोबर करताना किंवा फिरायला गेलेलं असताना बोला. समोरासमोर बसून डोळ्यात डोळे घालून बोललं की ती उलटतपासणी वाटते. बाजूला चालत बोललं की सोपं जातं.

सुरुवात त्याच्या दोषाने करू नका, तुम्हाला जे दिसतं त्याने करा. फरक असा:

"तू रात्रभर घोरतोस, मला झोप नाही, आता काहीतरी कर." याला उत्तर मिळतं, "मग दुसऱ्या खोलीत झोप."

"काल पहाटे तुझा श्वास थांबला होता. मी मोजत होते, वीस सेकंदांपर्यंत आले तेव्हा तू दचकून श्वास घेतलास. मी नंतर झोपूच शकले नाही, पुढचा श्वास येतो का ते बघत बसले." याला पटकन उत्तर देता येत नाही, कारण यात आरोप नाही.

जिथे नवरा-बायकोत 'अहो' म्हणायची पद्धत आहे तिथेही हेच, फक्त आवाज विनवणीचा नको. "अहो, मला काळजी वाटते म्हणून सांगते" एवढं साधं वाक्य पुरतं.

पुढचा मुद्दा त्याच्या फायद्याचा असू द्या, आणि फायदा त्याला आत्ता हवा असलेला. सारखं विसरायला होतं म्हणून तो वैतागलेला असेल. बीपीच्या दोन-तीन गोळ्या घेऊनही आकडा खाली येत नसेल. सहज दाबात न येणाऱ्या बीपीमागे हा आजार असणं फार नेहमीचं आहे. दुपारी डोळे मिटतात म्हणून कामावर चुका होत असतील. लैंगिक इच्छा किंवा ताकद कमी झाल्याने तो मनातून खचलेला असेल. हा विषय अलवारपणे, पण जरूर काढा, कारण पुष्कळ पुरुषांना हृदयाच्या नावाने हलवता येत नाही ते या एका कारणाने डॉक्टरकडे जातात.

मरणाची भीती घालू नका, हे माझं ठाम मत आहे. एक तर भीतीने माणूस विषयापासून पळतो. दुसरं म्हणजे ते पुरेसं खरंही नाही. तीव्र आणि उपचार न केलेल्या आजाराचा संबंध उच्च रक्तदाब, हृदयाचे अनियमित ठोके आणि पक्षाघाताशी आहे हे नक्की. पण सीपॅप लावलं की हृदयविकार टळतोच, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, आधीपासून हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या २७०० हून अधिक लोकांमध्ये, मशीनमुळे पुढचे झटके कमी झालेले दिसले नाहीत. त्या लोकांनी मशीन रात्री सरासरी साडेतीन तासही वापरलं नव्हतं, ही गोष्टही लक्षात घ्यायला हवी. दिवसाची पेंग, मनःस्थिती आणि एकूण जगणं मात्र त्यांच्यात नक्की सुधारलं. तेव्हा वचन द्यायचं ते याचं द्या: सकाळी ताजंतवानं उठण्याचं. खोटी भीती घातलीत आणि नंतर त्याने ती वाचून खोडून काढली, तर तुमचं खरंही तो मानणार नाही.

पाचवं काम: मागणी लहान ठेवायची

"तपासणी कर" ही मोठी मागणी वाटत असेल तर तिचे तुकडे करा.

पहिला तुकडा म्हणजे प्रश्नावली. स्टॉप-बँग नावाची आठ प्रश्नांची यादी डॉक्टर जगभर वापरतात. मोठ्याने घोरणं, दिवसाचा थकवा, श्वास थांबलेला कुणी पाहिला आहे का, उच्च रक्तदाब, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) ३५ च्या वर, वय ५० च्या वर, गळ्याचा घेर आणि पुरुष असणं. घेराची मर्यादा साधारण ४० सेंटिमीटर धरतात. प्रत्येक होकाराला एक गुण. ० ते २ म्हणजे शक्यता कमी, ३-४ मध्यम, ५ आणि वर जास्त. टेप घेऊन गळा मोजायला तयार झालेला माणूस अर्धा तयार झालेलाच असतो. दुसरी एपवर्थ नावाची मोजपट्टी आहे, ऑस्ट्रेलियाच्या मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये मांडलेली. वाचताना, टीव्ही पाहताना, सिग्नलला गाडी थांबलेली असताना अशा आठ प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता ० ते ३ अशी लिहायची. बेरीज १० च्या वर गेली तर दिवसाची झोप जास्त आहे. ही त्याने स्वतः भरू द्या. तुम्ही तुमच्या नजरेने वेगळी भरा आणि मग दोन्ही शेजारी ठेवा. आकडे फार वेगळे आले तर वाद घालू नका, तो फरकच पुरेसं बोलतो.

दुसरा तुकडा म्हणजे नेहमीचे डॉक्टर. बीपी किंवा साखर दाखवायला जाणारच असेल, तर बरोबर जा आणि व्हिडिओ दाखवा. जोडीदाराने सांगितलेलं कानावरून जातं, तेच डॉक्टरांनी सांगितलं की मनावर घेतलं जातं. याचं वाईट वाटून घेऊ नका. पुढे कुणाकडे जायचं ते तेच सुचवतील: छातीविकार तज्ज्ञ, कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा झोपेच्या आजारांचे डॉक्टर.

तिसरा तुकडा म्हणजे घरची तपासणी. "दवाखान्यात अनोळखी पलंगावर मला झोपच लागणार नाही" ही सबब खरी असते आणि तिच्यावर हाच उपाय आहे.

तपासणीच्या रात्री काय होतं

घरच्या तपासणीत एक छोटं यंत्र छातीला पट्ट्याने बांधतात, नाकापुढे बारीक नळी येते आणि बोटाला ऑक्सिजन मोजणारी क्लिप. काही प्रकारांत फक्त मनगटावर आणि बोटावर लावायचं असतं. सुई नाही, रक्त नाही, भूल नाही. पट्टा बांधायला पहिल्यांदा दुसऱ्याचा हात लागतो, तो तुमचा असू द्या. नळी गालावर चिकटपट्टीने घट्ट बसवा, दाढी असेल तर विशेष, नाहीतर पहाटेपर्यंत ती निसटते आणि रात्र फुकट जाते. नेलपॉलिश असेल तर काढून टाकायचं. त्या रात्री एरवी जसं झोपतो तसंच झोपायचं. दारू आणि झोपेच्या गोळ्या घसा जास्त सैल करतात, म्हणून कोणती औषधं चालू आहेत ते डॉक्टरांना आधी सांगा आणि त्यांना विचारल्याशिवाय काही बंद करू नका.

दवाखान्यातल्या तपासणीत डोक्यावर, डोळ्यांजवळ, हनुवटीला आणि पायांनाही तारा लावतात, म्हणजे मेंदू किती वेळ खरंच झोपला होता तेही कळतं. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा मोठा आजार, पूर्वी झालेला पक्षाघात, स्नायूंचे आजार किंवा अफूवर्गीय वेदनाशामकं चालू असतील तर घरची तपासणी पुरत नाही, हीच करावी लागते. तारा पाहून माणूस घाबरतो, पण तारा फक्त मोजतात. रात्री बाथरूमला जाता येतं. दोन-चार तास तुटक झोप लागली तरी बहुधा पुरेशी माहिती मिळते.

एक धोक्याची जागा इथे आहे. घरच्या तपासणीत आकडा कमी आला तर तो "बघ, म्हणालो होतो ना" म्हणेल. घरचं यंत्र झोपेचा काळ थेट मोजत नाही. तो तास-दोन तास जागा पडून राहिला असेल तर तेही भागाकारात येतात आणि आकडा खाली दिसतो. लक्षणं ठळक असूनही घरची तपासणी नॉर्मल आली तर दवाखान्यातली करावी, असं डॉक्टरच सुचवतात. हे तपासणीच्या आधी दोघांनी बोलून ठेवलेलं बरं. नंतर सांगितलं तर ते हरलेल्या माणसाचं कारण वाटतं.

तरीही नाहीच म्हणाला तर

थोडे दिवस विषय सोडा. रोजची भुणभुण लावली की तुमचा आवाज घरातल्या पंख्याच्या आवाजासारखा होतो, असून नसल्यासारखा. पण सोडताना एक तारीख ठरवून घ्या: "बरं, आत्ता नको. दोन महिन्यांनी पुन्हा बोलू. तोवर सकाळची डोकेदुखी आणि दिवसाची पेंग याच्यावर दोघंही लक्ष ठेवू." बहुतेक जण याला तयार होतात. तोवर कुशीवर झोपणं, रात्री दारू टाळणं, चोंदलेल्या नाकावर उपचार करणं एवढं सुरू करता येतं.

वेगळ्या खोलीत झोपायचं असेल तर खुशाल झोपा, तुमची झोपही महत्त्वाची आहे. पण ती शिक्षा म्हणून नको. सांगून, प्रेमाने जा.

काही प्रसंगी मात्र वाट पाहायची नाही. गाडी चालवताना त्याला एकदाही डुलकी लागली असेल, तर तपासणी होईपर्यंत चाक तुमच्या किंवा दुसऱ्याच्या हातात, यावर तडजोड नको. कसलीही शस्त्रक्रिया ठरली असेल, तर तो तपासणीला नाही म्हणत असला तरी भूलतज्ज्ञांना घोरणं आणि श्वास थांबणं याबद्दल सांगायलाच हवं, कारण भूल आणि वेदनाशामक औषधांनी घसा आणखी सैल पडतो. हृदयाचे ठोके अनियमित असल्याचं निदान झालं असेल किंवा बीपी कितीही औषधांनी हलत नसेल, तर त्याच डॉक्टरांना थेट विचारा, "याची झोपेची तपासणी करायला हवी का?" हा प्रश्न त्याच्यादेखत विचारा, पाठीमागे नाही.

अहवाल हातात आल्यावर

पहिल्या दिवशी उपचारांचा विषय तुम्ही काढू नका. तुम्ही तपासणीपुरतं बोलला होतात, तो शब्द पाळा. अहवाल त्याला स्वतः वाचू द्या. डॉक्टरांकडे जाताना तीन गोष्टी विचारायला लिहून न्या: एएचआय किती आहे, झोपेत ऑक्सिजन सगळ्यात कमी किती उतरला, आणि उताणं झोपल्यावरचा आकडा कुशीवरच्यापेक्षा किती वेगळा आहे. तिसऱ्या उत्तरावरून मशीनशिवाय भागेल का याचा थोडा अंदाज येतो.

मशीन सुचवलं तर विकत घ्यायच्या आधी काही दिवस वापरून पाहता येतं का ते विचारा. मास्क पहिल्यांदा दिवसा, जागेपणी, टीव्ही बघताना अर्धा तास लावून बसायचा, मग रात्री. नाकावरचा, नाकपुड्यांपाशी बसणारा, तोंड-नाक दोन्ही झाकणारा, असे प्रकार असतात आणि पहिलाच बसेल असं नाही. सोडून देणारे बरेच जण सुरुवातीच्या दिवसांतच, न बसणाऱ्या मास्कमुळे सोडून देतात. म्हणून पहिला आठवडा संपायच्या आत पुन्हा दाखवायची वेळ आधीच घेऊन ठेवा आणि अहवालाची एक प्रत तुमच्या फोनमध्ये राहू द्या.